पहाटे पाचला उठणाऱ्याने संघाकडून काय मागावं?

मळ्यातला_ऑफस्पिनर (फोंडा)
३० डिसेंबर २०२४, दुपारी २:१०

मेलबर्नची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी संपून दोन तास झाले. जेवलो, पण कशालाच चव नव्हती. इथे लिहून मोकळा होतो.

पहाटे पाचला टीव्ही लावला. घरचे झोपलेले, म्हणून आवाज बंद. ३४० करायच्या होत्या आणि त्या होणार नाहीत हे मला पहिल्या ओव्हरपासून माहीत होतं. पोदेर पाव देऊन गेला तोवर रोहित आणि राहुल एकाच ओव्हरमध्ये परतले होते. लंचच्या तोंडावर कोहली गेला. ३३ ला ३.

मग जयस्वाल आणि पंत उभे राहिले. पूर्ण सत्र एकही विकेट नाही. आई उठून पातळभाजी गरम करत होती, तिने आतूनच विचारलं, "जिखतले काय रे?" मी म्हटलं, "ना गे, वाटावतले." (गोव्याबाहेरच्यांसाठी: जिंकणार नाहीत, पण वाचतील.) चहापानाला ११२ ला ३. मी खुर्ची बदलली नाही, पाय हलवला नाही. क्रिकेट बघणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

चहानंतर पंतने ट्रॅव्हिस हेडला उचलून मारलं. लाँगऑनला मिचेल मार्श. १२१ ला ४. तिथून सगळे १५५. चौतीस धावांत सात विकेट.

पर्थला २९५ धावांनी जिंकलेला हाच संघ. ॲडलेडला दहा विकेटनी हरलो, ब्रिस्बेनला पावसाने आणि आकाशदीप-बुमराहच्या शेवटच्या जोडीने तारलं, आणि आज हे. बुमराहच्या चार कसोटींत तीस विकेट झाल्या. एकट्या मेलबर्नमध्ये त्याने त्रेपन्न ओव्हर टाकल्या. एवढं करून तो ड्रेसिंगरूममध्ये पॅड बांधून बसतो आणि समोर काय बघतो?

माझं म्हणणं इतकंच आहे. संघाने जिंकावं असा हट्ट मी धरत नाही. समोरही ऑस्ट्रेलिया आहे. पण पहाटे उठणाऱ्याने एक गोष्ट नक्की मागावी: आपली विकेट महाग असावी. ती घ्यायला त्यांना घाम गाळावा लागावा. तुम्हाला काय वाटतं? आपण संघाकडून नेमकं काय मागतो?

---

थर्डमॅन_डिचोली
३० डिसेंबर, २:२५

मीही पाचपासून होतो. दुकान साडेदहाला उघडलं आणि आतल्या आत मोबाईलवर बघत राहिलो. एका गिऱ्हाइकाला किलोभर साखरेऐवजी रवा बांधून दिला. तो बिचारा परत आला तेव्हा आठवी विकेट गेली होती. त्याने रवा ठेवला आणि तोही बघत उभा राहिला.

---

दोनापावलाचा_वारा
३० डिसेंबर, २:४०

ऑफस्पिनर, तुमची पोस्ट मनापासून आहे, पण पंतवर एवढा राग नको. १९ जानेवारी २०२१ ला गॅबावर नाबाद ८९ करून त्यानेच आपल्याला मालिका जिंकून दिली. तो तसाच खेळतो. त्याला बांधून घातलं तर तो पंत राहत नाही. आज त्याच्या ३० धावा १०४ चेंडूंत आहेत. एवढा वेळ त्याने स्वतःला आवरलं, हे कोणी बोलत नाही.

---

मळ्यातला_ऑफस्पिनर (फोंडा)
३० डिसेंबर, २:५५

@दोनापावलाचा_वारा, तेच तर दुखतं. १०४ चेंडू आवरलं ना? म्हणजे त्याला जमतं. पहिल्या डावात बोलंडला पडत पडत स्कूप मारायला गेला तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, असाच आहे तो. पण आज तो वेगळा खेळत होता. दोन तास एखाद्याने घागर डोक्यावर धरून चढण चढावी आणि दारात आल्यावर सोडून द्यावी, तसं झालं.

राग नाही रे माझा त्याच्यावर. अपघातानंतर तो माणूस परत उभा राहिला, त्याच्यावर कोण रागावणार?

---

पंचांची_टोपी (पेडणे)
३० डिसेंबर, ३:३०

जयस्वालच्या निर्णयाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. ८४ वर होता. मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिलं होतं. तिसऱ्या पंचांकडे स्निकोवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, काहीही नाही, रेघ सरळ. तरी बाद दिलं, कारण चेंडूची दिशा बदललेली डोळ्यांना दिसत होती.

मी गावच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. कड लागली की आवाज येतोच असं नाही. ग्लोव्हजला पुसटसं लागलं तर कित्येकदा काहीच ऐकू येत नाही, फक्त चेंडू किंचित वळतो आणि बॅट्समन क्षणभर मान खाली घालतो. मी ती मान बघतो. माझ्या मते निर्णय बरोबर होता. शिव्या घाला हवं तर.

---

थर्डमॅन_डिचोली
३० डिसेंबर, ३:३४

शिव्या नाही, पण एक सांगा. मग ते यंत्र ठेवायचं कशाला?

---

पंचांची_टोपी (पेडणे)
३० डिसेंबर, ३:४१

यंत्र मदतीला असतं. डोळ्यांना स्पष्ट दिसतंय ते नाकारायला नाही. जयस्वाल उत्तम खेळला. पण त्यानेच या मॅचमध्ये तीन झेल सोडले, त्यात लबुशेनचाही होता आणि लबुशेन ७० करून गेला. शेवटच्या जोडीने, लायन आणि बोलंडने, ६१ जोडल्या. मॅच आपल्या हातातून पहिल्यांदा सुटली ती तिथे. आजच्या चौतीस धावा नंतर.

---

सांग्याची_लेक
३० डिसेंबर, सायं. ५:०५

याच महिन्यात ऑस्ट्रेलियात आपला आणखी एक संघ हरत होता, त्याचा इथे उल्लेखही नाही म्हणून लिहिते. महिला संघ वनडे मालिका ३-० ने हरला. ब्रिस्बेनला १०० त सगळ्या बाद. पण पर्थला शेवटच्या मॅचमध्ये सांगलीच्या स्मृती मानधनाने १०५ केल्या. मालिका गेलेली, समोर जवळपास तीनशेचा डोंगर, दुसऱ्या बाजूने कोणी टिकत नाही, आणि ही बाई कव्हरमधून चौकार मारते आहे.

ऑफस्पिनरच्या प्रश्नाला माझं उत्तर ते शतक. मला ते हवं असतं.

आणि आपण गोंयकार आहोत तर शिखा पांडेला विसरू नका. तिने गोव्याच्या संघातून खेळत भारताची टोपी मिळवली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅरारा मैदानावर तिने त्यांच्या अलिसा हीलीची दांडी उडवली तो चेंडू मी अजून महिन्यातून एकदा बघते. बाहेर पडून आत आला तो इतका, की हीली मागे वळून स्टंपकडे बघत राहिली.

---

मळ्यातला_ऑफस्पिनर (फोंडा)
३० डिसेंबर, ५:२०

ताई, चूक कबूल. त्या मॅच मी पाहिल्या नाहीत. मानधनाचं शतक आज रात्री बघतो.

---

जुना_ट्रान्झिस्टर (मडगाव)
३० डिसेंबर, रात्री ९:१५

तुम्ही सगळे माझ्या मुलांच्या वयाचे. म्हणून थोडं मागचं सांगतो, रागावू नका.

१९७४ च्या जूनमध्ये लॉर्ड्सला भारत ४२ मध्ये आटोपला. मी कॉलेजात होतो. शेजारच्या ओसरीवर रेडिओ होता, शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा वर-खाली जायचा. मध्येच दोन मिनिटं नुसती खरखर. ती थांबली तेव्हा डाव संपलेला होता. आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बेचाळीस हा काय आकडा झाला? त्यातल्या १८ एकट्या सोलकरच्या, तोही नाबाद. दुसरा कोणी दोन आकड्यांत गेला नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच इंग्लंडला त्यांच्या घरी हरवून आलेला, त्याच वाडेकरांचा संघ हो! मुंबईतून जल्लोषात मिरवणूक निघालेली ती माणसं.

आता आपल्या मडगावच्या माणसाबद्दल. दिलीप सरदेसाई. जन्म इथला, ८ ऑगस्ट १९४०. तेव्हा पोर्तुगीज राज्य, क्रिकेट कुठलं? सतरा वर्षांचे असताना घरचे मुंबईला गेले आणि तिथे ते मोठे झाले. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते होते. चारच्या चार कसोटी हरलो आपण. पण तोच संघ तिथून सरळ न्यूझीलंडला गेला आणि ३-१ जिंकला. परदेशातली आपली पहिली मालिका ती. महिनाभर मार खाल्लेली माणसं जहाज-विमान बदलून जिंकली, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

१९७१ ला वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी सरदेसाईंचं नाव घ्यावं की नाही यावर खल झाला. वाडेकरांनी त्यांचा आग्रह धरला. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशी ७५ ला ५. गावसकर बोटाच्या दुखण्याने बाहेर. तिथे सरदेसाई उभे राहिले. सोलकरला घेऊन १३७ जोडल्या, मग नवव्या विकेटला प्रसन्नाला घेऊन १२२. स्वतःच्या २१२. आम्हाला ही बातमी वर्तमानपत्रातून कळली. बाजारात ज्याच्या हातात पेपर त्याच्याभोवती घोळका. वेस्ट इंडिजवर फॉलोऑन लादला आपण, पहिल्यांदाच. पुढे पोर्ट ऑफ स्पेनला ११२ आणि ती कसोटी जिंकली, ब्रिजटाऊनला १५०. मालिकेत ६४२.

ऑफस्पिनर बाळा, तू जे मागतोस ते ७५ ला ५ असताना मिळालं होतं. म्हणून मागत राहा.

---

काजूबोंडू
३० डिसेंबर, ९:३२

काका, नमस्कार. आमच्या मडगावात लोक अजून फुटबॉलच्या मॅचवरून भांडतात. उद्यापासून मी ७५ ला ५ वरून भांडणार.

---

लेगकटर_म्हापसा
३१ डिसेंबर, सकाळी ७:४८

रात्रभर पाहुण्यांच्या गाड्यांचे हॉर्न. झोप झालीच नाही, म्हणून सकाळी शांतपणे कोहलीचे बाद होणे एकामागून एक बघितले. पर्थच्या शतकानंतरचे सगळे, आणि त्याआधीचा एक. सहाच्या सहा वेळा ऑफस्टंपच्या बाहेर, कड, मागे झेल.

चेंडू फार भन्नाट नाहीत. चौथ्या-पाचव्या स्टंपवर, टप्पा थोडा मागे. त्याचा पुढचा पाय लवकर पडतो, वजन त्यावर जातं आणि मग हात चेंडूकडे ओढले जातात. तो पाय पडला की चेंडू सोडणं शरीराला कठीण होऊन बसतं. नव्या कुकाबुरा चेंडूत शिवण जाड, खेळपट्ट्यांवर गवत, चेंडू तीस ओव्हरपर्यंत हलतो. तीस ओव्हर काढले की मग खेळ सोपा होतो. राहुलने पर्थला आणि ब्रिस्बेनला नेमकं तेच केलं. चेंडू शरीराखाली येऊ दिला, बाहेरचा सोडला.

२००४ ला सिडनीत सचिनने काय केलं आठवा. त्या दौऱ्यात ऑफसाइडला मारताना बाद होत होता. मग सिडनीत कव्हरड्राइव्ह बंदच केला. दहा तासांच्या वर खेळला, नाबाद २४१. जो फटका जग बघायला येतं तोच त्याने घरी ठेवला. कोहलीला हे जमणार नाही असं मी म्हणणार नाही. पण ते त्यालाच ठरवायला लागेल.

---

दोनापावलाचा_वारा
३१ डिसेंबर, ८:१०

हे पटलं. फक्त एक, सचिनच्या पाठीशी त्या डावात लक्ष्मण होता. मोठी भागीदारी असली की सोडणाऱ्याला धीर येतो. आता रोहितच्या पाच डावांत ३१ धावा. पहिली विकेट लगेच, दुसरी लगेच, मग कोहली आत येतो तेव्हा चेंडू नवाच असतो. पुजारा का आठवतो सगळ्यांना? २०१८-१९ ला ५२१ धावा आणि त्यासाठी बाराशेच्या वर चेंडू. बाकीचे आत यायचे तेव्हा गोलंदाजांचे पाय दमलेले असायचे.

---

पोळीभाजी_पन्नास
३१ डिसेंबर, ११:००

नितीशकुमार रेड्डीचं कोणी काहीच बोलत नाही का? आठव्या नंबरवर येऊन ११४. वॉशिंग्टनबरोबर १२७. बुमराह शून्यावर गेला तेव्हा हा ९९ वर, समोर सिराज, आणि सिराजला तीन चेंडू काढायचे. त्या तीन चेंडूंना मी जिन्यात उभी होते, आत जायचा धीर नव्हता. मग रेड्डीने बोलंडला सरळ उचलून चौकार मारला आणि त्याचे वडील कॅमेऱ्यात रडताना दिसले. मीही रडले. माझा मुलगा बारा वर्षांचा, पर्वरीला नेट्सला जातो. शनिवार असल्याने मॅच बघायला घरीच होता. तो म्हणाला, आई, तू मला नेटवर सोडायला येतेस तेव्हा पण असंच बघतेस.

---

सांग्याची_लेक
३१ डिसेंबर, ११:०६

बास. आता मला कामावर डोळे पुसत बसावं लागणार.

---

थर्डमॅन_डिचोली
४ जानेवारी २०२५, दुपारी १२:३०

बुमराह मैदान सोडून गेला. पाठ.

---

मळ्यातला_ऑफस्पिनर (फोंडा)
५ जानेवारी, सकाळी ९:५०

संपलं. सिडनीत सहा विकेटनी. मालिका ३-१. दहा वर्षांनी चषक त्यांच्याकडे गेला. जागतिक कसोटी अजिंक्यपदाची लॉर्ड्सची फायनलही गेली.

आज १६२ करायच्या होत्या त्यांना आणि बुमराह चेंडू टाकू शकत नव्हता. प्रसिद्धने तीन काढले, थोडी आशा वाटली. कॅमेरा सारखा बुमराहकडे जात होता. तो सीमारेषेबाहेर बसलेला. ३२ विकेट, सरासरी तेराच्या आसपास, दीडशेच्या वर ओव्हर. मालिकावीर हरलेल्या संघाचा.

आमच्या शेतात भात कापून झालं की चिऱ्याचे स्टंप करून आम्ही खेळायचो. एकच जण बरा टाकायचा, त्याला आम्ही दिवसभर टाकायला लावायचो. संध्याकाळी त्याचा खांदा उतरायचा. त्याची आई आमच्या घरी येऊन माझ्या आईला बोलून गेली होती. आज ती आठवली. एकट्यावर टाकलं आपण सगळं.

---

पर्वरीचा_स्कोअरर
५ जानेवारी, दुपारी १:४०

इतके दिवस वाचत होतो. आता लिहितो, कारण मला वाटतं मूळ इथेच आहे.

मी स्थानिक मॅचना स्कोअर लिहितो. गेल्या नोव्हेंबरात रणजीच्या खालच्या, प्लेट गटात पर्वरीला गोवा विरुद्ध अरुणाचल झाली. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००. तिसऱ्या विकेटची अभंग ६०६ ची भागीदारी. रणजीच्या इतिहासात एवढी मोठी भागीदारी झालेली नाही. गोवा २ बाद ७२७. त्याच मॅचमध्ये अर्जुन तेंडुलकरने डावात पाच विकेट काढल्या.

हा आनंद आहेच, पण अरुणाचल ८४ मध्ये बाद झालेला संघ होता हेही खरं. घरगुती क्रिकेटमध्ये एका टोकाला असे सामने, आणि दुसऱ्या टोकाला मोठी नावं खेळतच नाहीत. कोहली रणजी शेवटचा खेळला २०१२ मध्ये. रोहित २०१५ मध्ये. तरुण गोलंदाजाला मोठ्या बॅट्समनला बाद करायला मिळत नाही, आणि मोठ्या बॅट्समनला चार दिवसांच्या सामन्यात ऑफस्टंप कुठे आहे हे पुन्हा शोधायला मिळत नाही. मधे फक्त वीस ओव्हरचा खेळ.

न्यूझीलंडने आपल्याला घरी ३-० हरवलं तेव्हाच हे दिसत होतं. बंगळुरूला ४६. त्यानंतर ऑस्ट्रेलियाला जाताना किती जणांनी एक तरी रणजी सामना खेळला? लाल चेंडूचा सराव लाल चेंडूनेच होतो.

---

लेगकटर_म्हापसा
५ जानेवारी, २:०५

स्कोअररसाहेब, मुद्दा मान्य, पण त्यांच्या अंगाचाही विचार करा. वर्षभर तीन प्रकारचं क्रिकेट, वर आयपीएल. सुट्टी मिळते ती आठ-दहा दिवसांची. त्यात रणजी खेळा म्हणणं आपल्याला खुर्चीतून सोपं आहे.

---

पर्वरीचा_स्कोअरर
५ जानेवारी, २:३०

अंगाचा विचार मला बुमराहबद्दल वाटतो. बॅट्समनच्या बाबतीत चार दिवस उन्हात उभं राहणं हीच विश्रांती आणि हाच सराव. सरदेसाईंच्या वेळचे सगळे रणजीतून घडले, ट्रान्झिस्टरकाका सांगतील.

---

काजूबोंडू
५ जानेवारी, सायं. ६:१५

थोडं विषय सोडून. फातोर्ड्याला २००१ च्या एप्रिलमधली ऑस्ट्रेलियाविरुद्धची वनडे कोणी बघितली का? मालिका २-२, शेवटची मॅच. मी नववीत होतो. काकांच्या खांद्याला धरून आत शिरलो. ऊन असं, की सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र घालून बसलो तरी भाजत होतं. लक्ष्मणने शतक ठोकलं. नंतर त्यांचा बेव्हन. तो माणूस कधी मारतोच आहे असं वाटत नव्हतं. एक, दोन, एक. शेवटपर्यंत नाबाद राहिला आणि मॅच घेऊन गेला. परतताना काका म्हणाले, आज हरलो पण त्या बेव्हनकडून काहीतरी शिकून जा.

आत्ता लिहिताना कळलं, की हाही ऑफस्पिनरच्याच प्रश्नाचा विषय आहे.

---

थर्डमॅन_डिचोली
५ जानेवारी, ६:२२

मी होतो तिथे! ईस्ट स्टँडला. गेटवर चेंगराचेंगरी, माझी एक चप्पल तिथेच राहिली. एका पायाने फोंड्यापर्यंत बसमध्ये.

---

पर्वरीचा_स्कोअरर
३१ जानेवारी, दुपारी १२:१०

धागा वर काढतो. बोर्डाने घरगुती क्रिकेट खेळायला लावलं. रोहित बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळला, ३ आणि २८. मुंबई ती मॅच हरली. तिकडे राजकोटला जडेजाने दिल्लीविरुद्ध एका मॅचमध्ये १२ विकेट काढल्या, त्याच दिल्लीकडून पंत खेळत होता. आज कोहली रेल्वेविरुद्ध ६ वर हिमांशू सांगवानकडून त्रिफळाचीत.

काहीजण हसत आहेत. मला हसू येत नाही. काल दिल्लीत रणजी बघायला स्टँड भरलं होतं, रांगा लागल्या होत्या. जम्मू-काश्मीरच्या मुलांनी रोहित, जयस्वाल, रहाणे असलेल्या मुंबईला हरवलं. ती मुलं हे जन्मभर सांगतील. हेच पाहिजे होतं.

---

जुना_ट्रान्झिस्टर (मडगाव)
३१ जानेवारी, रात्री ८:००

सांगवानचा तो चेंडू आत आला. चांगला चेंडू होता. चांगल्या चेंडूवर बाद होण्यात कमीपणा नाही. विराट पुन्हा खेळायला उतरला याचं मला बरं वाटलं.

---

मळ्यातला_ऑफस्पिनर (फोंडा)
४ ऑगस्ट २०२५, सायं. ६:१०

सात महिन्यांनी माझाच धागा वर काढतोय. इंग्लंडमध्ये, ओव्हलला! सहा धावांनी! मालिका २-२!

हात थरथरताहेत अजून. रोहित नाही, कोहली नाही, अश्विन नाही. बुमराह या मॅचमध्ये नाही. आणि गंमत म्हणजे एजबॅस्टनलाही बुमराह नव्हता, तिथे गिलच्या २६९ आणि १६१, आकाशदीपच्या दहा विकेट, ३३६ धावांनी जिंकलो. जे ओझं जानेवारीत एकट्याच्या पाठीवर होतं, ते या वेळी सिराजने उचललं. पाचही कसोटी खेळला तो. आज सकाळी ३५ करायच्या होत्या त्यांना, चार विकेट हातात. वोक्स गळ्यात हात बांधून उतरला तेव्हा मी त्याच्यासाठीही उभा राहिलो. आणि शेवटी ॲटकिन्सनचा ऑफस्टंप.

पण मी लिहायला आलो ते मँचेस्टरबद्दल. ३११ नी मागे, पहिल्याच ओव्हरमध्ये ० वर २. संध्याकाळची वेळ, आई सुपारी कातरत शेजारी बसलेली. म्हणाली, "जिखतले काय रे?" मला मेलबर्न आठवलं आणि मी काहीच बोललो नाही. राहुल ९०, गिल १०३. मग जडेजा आणि वॉशिंग्टन, दोघांचीही नाबाद शतकं. १४३ ओव्हर. पाचव्या दिवशी शेवटच्या तासात स्टोक्सने हात मिळवायला पुढे केला आणि यांनी नाही म्हटलं, खेळत राहिले. तेव्हा आईकडे वळून मी सांगितलं, "ना गे, वाटावले."

---

दोनापावलाचा_वारा
४ ऑगस्ट, ६:२५

आणि त्याच मँचेस्टरला पंत मोडलेल्या पायाने पायऱ्या उतरून बॅटिंगला आला. पन्नास केले. ऑफस्पिनर, आता तरी माझ्याशी सहमत व्हा.

---

मळ्यातला_ऑफस्पिनर (फोंडा)
४ ऑगस्ट, ६:२७

झालो. त्या दिवशीच झालो होतो.

---

लेगकटर_म्हापसा
४ ऑगस्ट, ६:४०

लॉर्ड्सही लिहा कोणीतरी. २२ धावांनी हरलो, पण जडेजा १८१ चेंडू नाबाद ६१. बुमराहने ५४ चेंडू खेळून ५ केल्या, सिराज ३० चेंडू खेळला. शेवटी सिराजने बशीरचा चेंडू बॅटच्या मधोमध अडवला आणि तो मागे घरंगळत जाऊन बेल पाडून गेला. ती हार मला ओव्हलच्या विजयाएवढीच जवळची आहे.

---

पंचांची_टोपी (पेडणे)
४ ऑगस्ट, ६:५५

तो चेंडू मी वीसदा पाहिला. बेल पडायला लागतो तेवढाच जोर होता त्यात, कणभरही जास्त नाही. सिराज तिथेच खाली बसला आणि क्रॉली, रूट त्याच्याजवळ गेले.

---

जुना_ट्रान्झिस्टर (मडगाव)
४ ऑगस्ट, रात्री ९:३०

मी आज रेडिओवर ऐकलं. टीव्ही होता, पण रेडिओच लावला. शेवटची विकेट पडली तेव्हा ओसरीवर गेलो आणि गल्लीत तीन घरांतून एकदम ओरडा ऐकू आला. त्यातलं एक घर फुटबॉलवाल्यांचं आहे.

---

काजूबोंडू
४ ऑगस्ट, ९:३४

काका, ते आमचंच घर.